एका खाकरण्यात राणी संपली

मंडळी, या मेलच्या गटात तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी राणी घडवलीत, म्हणून आधी तुम्हालाच सांगते. आज चोपड्याजवळ केळीच्या बागेत आपला काल्पनिक राज्यांचा खेळ झाला, ज्यात प्रत्येकानं वेश करून आपलं पात्र वठवायचं असतं. जळगावला उतरून थेट नेट कॅफेत येऊन बसलेय.

आठवते ना ती? सातपुड्याची राणी. डोकं उघडं, कमरेला तलवार, भीती कुणाचीच नाही. तिची चाल मी रोज गच्चीवर गिरवत होते.

शत्रूचा राजा होता दिनेश, माझा कॉलेजातला मित्र. पुठ्ठ्याचा मुकुट घालून तो केळीतून आला आणि येता येता मोठ्यानं खाकरला. घरात सुनेनं पदर घ्यावा म्हणून सासरे खाकरतात ना, अगदी तसा.

माझ्या हातातली लाकडी तलवार गळून पडली. खांद्यावरच्या शेल्याचं टोक डोक्यावर ओढून मी केळीमागे सरकले.

"अगं, तू राणी शे ना?" दिनेश हसत सुटला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सून अगदी हुबेहूब जमली म्हणे.

आता दुसरी राणी सुचवू नका. कितीही निडर रचली, तरी उभं राहायला तिला हेच अंग मिळणार ना?