सूर धरणाऱ्याची वरची दाढ

सोमवारी सकाळी साडेदहाला माझ्या लोहाऱ्यातल्या दवाखान्यात तीन माणसं हजर होती आणि प्रश्न एकवीस हजार रुपयांचा होता. खुर्चीत माकणीचा नागनाथ, सनईवाला, वय चाळीसच्या आसपास. त्याच्याशेजारी त्याच्या ताफ्याचे प्रमुख खंडू मास्तर. आणि दारात, चप्पल काढावी की नाही हे न ठरवता, गुरुलिंगअप्पा. अप्पा आडत व्यापारी. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न. एकवीस हजार ही वाजंत्र्यांची सुपारी, म्हणजे ठरलेली रक्कम. सात माणसं, माणशी तीन हजार.

दात कुणाचाच दुखत नव्हता.

"डॉक्टर, बाकी काय सांगू नका," अप्पा म्हणाले. "ह्याला लग्नात फुकता येईल का न्हाय, तेवढं सांगा."

पंचवीस वर्षं दातांचं काम करतोय. पेशंटच्या आधी पेशंटच्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. मी अप्पांना बसायला सांगितलं आणि नागनाथला विचारलं, "काय होतंय?"

"सनई गळतीया, साहेब."

"सनई?"

"व्हय. सूर धरवंना. हवा कुठं जातीया कळंना. तीन पत्त्या बदलल्या."

पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवलेली ती बारीक जीभ, जिच्यातून फुंकतात. ताफ्यात खंडू मास्तर गाणं वाजवतात आणि नागनाथ त्यांच्या मागे एकच स्वर न तुटता धरून ठेवतो. ऐकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. तो थांबला की मात्र सगळ्यांना कळतं.

"पत्तीचं काय न्हाय," मास्तर म्हणाले. "चोरून विड्या वडतोय त्यो. दम कमी झालाय."

"म्या विडी सोडून वरीस झालं."

"म्हणून तर चोरून म्हणलो."

मी नागनाथला पेलाभर पाणी प्यायला दिलं. दोन घोट आत गेले आणि थोडं पाणी डाव्या नाकपुडीतून बाहेर आलं. त्यानं ते शांतपणे गमछ्याला पुसलं, जणू पाणी पिण्याचा हाही एक भागच.

"हे कधीपासून?"

"धा दिस झालं. सर्दी झालीया."

चहा प्यायल्यावर नाकातून चहा येत होता, भाकरी-आमटी खाल्ल्यावर आमटी येत होती. घरात सगळ्यांचं एकमत सर्दीवर होतं. आल्याचा काढा चालू होता. तोही नाकातून येत होता.

"सायनस असंल मग त्याला," अप्पा म्हणाले.

आमच्या भागात सायनस हा आजार समजला जातो. वस्तुतः ती जागा आहे. 'मला सायनस आहे' म्हणणं आणि 'मला गुडघा आहे' म्हणणं सारखंच. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडाच्या आत, एकेक पोकळी असते. ती नाकात उघडते. आत फक्त हवा. या पोकळीचा तळ म्हणजेच वरच्या मागच्या दाढांचं छत. वरच्या पहिल्या दाढेला साधारण तीन मुळं असतात, दोन गालाकडं आणि एक टाळूकडं. काही जणांत मुळांची टोकं आणि पोकळी यांच्यामध्ये चांगलं जाड हाड असतं. काही जणांत ते लग्नपत्रिकेच्या कागदाएवढं असतं. बाहेरून कुणाचं कसं आहे ते कळत नाही. त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो.

मी आरसा घालून पाहिलं. डाव्या बाजूची वरची पहिली दाढ जागेवर नव्हती. तिच्या जागी हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक होतं. नागनाथला नाक चिमटीत धरून अगदी हळू नाकातून श्वास ढकलायला सांगितलं आणि भोकासमोर आरसा धरला. आरशावर वाफ धरली, लाळेचे बुडबुडे आले.

सनई ठणठणीत होती. गळत होता तो नागनाथ.

"म्हंजे स्लॅब फुटलाय म्हणा की," अप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत मला पेशंटना जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते अप्पांनी सांगितलं. पण लगेच पुढं म्हणाले, "मग लग्न झाल्यावर बुजवा. स्लॅब काय पळून चाललाय का?"

"दाढ कुणी काढली?" मी विचारलं.

तर ती कहाणी अशी. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. मांडवात एका बाजूला मोफत दंतशिबिर आणि दुसऱ्या बाजूला खंडू मास्तरांचा ताफा. पुढारी दहाला येणार होते, म्हणजे एकला. तेवढ्या वेळात बसून काय करायचं, म्हणून नागनाथ शिबिराच्या रांगेत जाऊन बसला. दाढ अधूनमधून ठणकायचीच, आणि फुकट निघत होती. बाराला दाढ निघाली. शिबिरातल्या डॉक्टरांनी कापूस चावून धरायला सांगितला, थुंकू नको म्हणाले, गरम खाऊ नको म्हणाले. सनई वाजवू नको असं ते म्हणाले नाहीत. रांगेतल्या माणसाला ते कशाला असं म्हणतील?

एकला पुढारी आले. तोंडात कापूस ठेवून सनई वाजत नाही. नागनाथनं कापूस काढून खिशात ठेवला आणि पाऊण तास सूर धरला.

दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. तळाचं हाड नाजूक असलं आणि बारीकसं छिद्र पडलं, तरी ही गाठच बूच होते आणि छिद्र आपोआप भरून येतं. बहुतेकांचं येतं. फक्त त्यांनी काही दिवस नाक शिंकरायचं नसतं, जोरानं फुंकायचं नसतं. नागनाथनं त्या गाठीवर पहिल्याच तासाला पाऊण तासाची फुंक घातली. गाठ सनईतून गेली की नाकातून, हे तोच जाणे.

"मोठ्या सायबांनी शाल दिली मला," नागनाथ म्हणाला.

"पंचवीस रुपयाची," मास्तर म्हणाले.

मी तिघांना नीट सांगितलं. हे भोक आता आपोआप बुजणार नाही. तोंडातलं अन्न वर पोकळीत चाललंय, वास यायला लागलाय. पू झाला की प्रकरण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाईल आणि मोठं होईल. आठवडाभर औषधं देऊन, ती जागा धुऊन, पुढच्या सोमवारी मी गालाकडची हिरडी सोडवून भोकावर ओढून शिवतो. त्यानंतर सहा आठवडे फुंकायचं नाही. टाके निघाल्यावर पाणी प्यायला देऊन बघू. नाही जमलं तर सूर धरणं कायमचं विसरायचं.

शेवटचं वाक्य ऐकून नागनाथनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मला दुसरं कायबी येत न्हाय, साहेब," तो म्हणाला. "गाणंबी वाजवता येत न्हाय. फकस्त सूर."

"मग शिवून घे."

"आन रविवार?" अप्पांनी विचारलं. "सुपारी सात माणसांची हाय. पाहुणे मोजत्यात."

वाजंत्र्यांची माणसं मोजणारे पाहुणे मला तरी माहीत नव्हते. पण मला काय काय माहीत नव्हतं याची यादी त्या दिवशी लांबतच चालली होती.

उमरग्याहून एक्स-रे काढून आणला. पोकळीत मुळाचा तुकडा वगैरे राहिलेला नव्हता, थोडी सूज होती. आठवडाभर रोज धुतलं. सोमवारी शिवलं. पाऊण तास लागला. घरी जाताना मी पुन्हा सांगितलं: फुंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. मास्तरांना वेगळं बाजूला घेऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, "त्याची जिम्मेदारी माझी."

रविवारी मी सपत्नीक लग्नाला गेलो. मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढतानाच ताफा दिसला. मोजले. सात. तिसऱ्या सतरंजीवर नागनाथ बसलेला, सनई ओठांत, डोळे मिटलेले, दोन्ही गाल लिंबाएवढे फुगवलेले.

मी बायकोला पाकीट सांभाळायला दिलं आणि तिथं गेलो. "मास्तर, हे काय?"

"फुकत न्हाय त्यो," मास्तर सनई खाली न करता ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले. "नुसता धरून बसलाय. तुमीच म्हणलाव फुकू नको."

"मग गाल कशाला फुगवलेत?"

"गाल न फुगवता खरं कसं वाटल?"

मी टाके घातले होते ते गालाकडून ओढलेल्या हिरडीवर. गाल फुगला की ती हिरडी बाहेर ओढली जाते. मास्तरांनी माझ्या सगळ्या सूचना तंतोतंत पाळल्या होत्या आणि जे एक करायला नको होतं तेवढंच शोधून काढलं होतं. मी नागनाथला गाल आत घ्यायला सांगितलं. आत घेतल्यावर तो सनईवाल्यापेक्षा उपास धरलेला जास्त दिसू लागला.

तेवढ्यात अप्पा आले. मागं त्यांचे व्याही. व्याही जुने शौकीन असावेत. म्हणाले, "सूर लागंना झालाय. गाणं उघडं पडतंय." अप्पांनी एकेक सनईच्या तोंडाशी कान नेला. नागनाथपाशी येऊन थांबले.

"वाजंना हा."

अप्पा मास्तरांकडे वळले.

"मी सात माणसं सांगितली हुती का सहा आन एक बाहुला?"

आजूबाजूला पंधरावीस पाहुणे जमले. ते खरंच मोजत होते. "वाजवून दाखव," अप्पा म्हणाले.

नागनाथनं सनई वर उचलली. त्याची छाती भरताना मला दिसली. सहा दिवसांचे टाके, आत अजून कच्ची हिरडी. मी "अप्पा" एवढंच म्हणालो, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. मास्तर खाली सतरंजीकडे बघत होते. जिम्मेदारी त्यांची होती.

नागनाथनं सनई मांडीवर ठेवली.

"न्हाय वाजवत, अप्पा. माझं पैसं कापा."

"आन सुराचं काय करू? बोहल्यावर मंडळी हुभी हायत."

"मठात सूरपेटी हाय," नागनाथ म्हणाला. "भजनाला लावत्यात ती. तिला तोंड लागत न्हाय, हातानं भाता दाबायचा. मी दाबतो."

"सनईच्या मागं पेटी?" मास्तरांना हे सहन झालं नाही. "लोक काय म्हणतील? हे काय भजन हाय का?"

"लोक आत्ता काय म्हणतायत ते आधी ऐका," व्याही म्हणाले.

अप्पांनी बायकोला कानडीत काहीतरी सांगितलं. मठ कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत पेटी आली. नागनाथनं पट्टी जुळवली, डोळे मिटले आणि भाता दाबायला लागला. सूर सरळ उभा राहिला. मास्तरांनी दोन मिनिटं नाराजीनं वाजवलं आणि नंतर नाराजी विसरून वाजवलं. व्याह्यांनी मान हलवली. मी जेवायला गेलो.

पंगतीत अप्पा माझ्या शेजारी आले. "डॉक्टर, हिशोबाचं सांगा. फुकणाऱ्याचे तीन हजार. दाबणाऱ्याचे किती?"

"सूर तोच होता की."

"सूर तोच, मेहनत कमी," अप्पा म्हणाले आणि वाढप्याला माझ्या पानात जिलेबी वाढायची खूण केली. सातव्या माणसाचे त्यांनी निम्मे केले. दीड हजार कापले. वर पेटीबद्दल मठाला अकरा रुपये दिले आणि तेही बोलून दाखवले.

दोन आठवड्यांनी टाके काढले. हिरडी गुलाबी, बसलेली. पेलाभर पाणी दिलं. नागनाथ प्यायला आणि सवयीनं गमछा नाकाशी नेला. नाक कोरडं होतं. त्यानं गमछा उलटून पालटून पाहिला, मग आणखी एक पेला मागितला.

न फुंकायचे सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी तो सनई घेऊन आला. बाहेर गाल सुजलेले चार पेशंट बसले होते. त्यांना विचारून त्यानं सूर धरला. गालांत हवा साठवून ती सनईत सोडत राहायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास आत घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. नाकाची आणि तोंडाची वाट वेगळी असणं किती कामाचं असतं ते समोर बसून पाहिलं. सूर तुटला नाही. एक पेशंट म्हणाला, "ह्या खोलीत पयल्यांदाच बरं वाटलं."

तेव्हापासून वरची मागची दाढ काढायची असली की एक्स-रे बघतोच, शिवाय माणूस पोटासाठी काय करतो तेही विचारतो. एक वासरं हाकणारा निघाला, दिवसभर शिट्टी मारणारा. त्यालाही बंदी घातली. वासरांनी काय केलं ते माहीत नाही.

राहिली फी. चार हजार सांगितली होती. नागनाथनं अडीच हजार मोजून टेबलावर ठेवले.

"उरलेले दीड?"

"ते अप्पांनी कापलं की, साहेब."

"अप्पांनी तुझे कापले. माझे नाही."

"तुमच्याच सांगण्यावरनं फुकलं न्हाय म्या," नागनाथ अगदी साधेपणानं म्हणाला. "फुकलं असतं तर पुरं मिळालं असतं, आन तुमाला पुरं दिलं असतं."

मी पावतीपुस्तक ओढलं. पावती अडीच हजारांचीच फाडली. म्हणजे हिशोब असा की गुरुलिंगअप्पांच्या मुलीच्या लग्नातल्या सुराचे दीड हजार माझ्या खिशातून गेले. आहेराचे पाचशे वेगळे. ते पाकिटात घालून मी आधीच अप्पांच्या हातात दिले होते.