बेटावरची आमा

सौदीतल्या थुवालला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमानं काय केलं, तर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तांबड्या समुद्रात उतरली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. “मीठ टाकणाऱ्याचा हात चुकलाय,” असं लेकीला सांगून मोकळी! लेक म्हणजे आमची शेजारीण लिन. माझा नवरा आणि ती इथल्या विद्यापीठात एकाच प्रयोगशाळेत आहेत. तिचं बाळ सांभाळायला आमा चीनच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून आली होती, कोळ्यांच्या गावातून. आमा म्हणजे त्यांच्या बोलीत आजी. बघता बघता अख्खं कंपाउंड तिला आमा म्हणायला लागलं.

रोज सकाळी ती अंबाड्याभोवती फुलं माळायची. थुवालच्या उन्हात फुलं आणणार कुठून? मग कंपाउंडच्या बोगनवेलीवर धाड. माळीदादा करवादायचे, ही खुशाल हसायची. मोबाइलमधल्या भाषांतरानं तर तिच्या बोलीपुढे पार हात टेकले होते. त्यामुळे ती तिच्या बोलीत आणि मी मराठीत, असं आमचं तासन्‌तास चालायचं आणि अडायचं मात्र काही नाही. जेद्दाला शराफिया भागातल्या भारतीय दुकानांत मी कोकम आणायला गेले की तीही निघायची. तिथे सुकट दिसली तेव्हा मूठभर नाकाशी नेऊन तिनं डोळेच मिटून घेतले. त्या दिवसापासून आमचं गोत्र एक झालं.

एकदा लिनकडे जेवायला होतो. माझा नवरा मालवणचा, त्यामुळे माशांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची ठाम समजूत. बशीतल्या माशाची वरची बाजू फस्त करून त्यानं मासा उलटा केला मात्र, आमानं त्याचं मनगटच धरलं. लिननं हसत हसत सांगितलं की ताटात मासा उलटला तर समुद्रावर गेलेल्याची होडी उलटते, म्हणून मधला काटा काढून घ्यायचा आणि मग खालचं खायचं. आता आमच्या घरातून कुणी समुद्रावर जात नाही, तरी ही ऐकत नाही, असंही ती म्हणाली. आमच्यात काय चाललंय ते आमानं लिनला विचारून घेतलं आणि उत्तर दिलं, “शेजारच्या घरांतून जातात ना.”

बाळ शाळेत जायला लागलं आणि आमानं घरी जाण्याचा धोशा लावला. लिनचे वडील वारलेले, बेटावरचं घर रिकामं, आमाचे गुडघे दुखरे. एकटीला कशी सोडू, हा लिनचा घोर. आमा काही भांडली नाही. तिनं आपली पिशवी भरून दाराशी ठेवली आणि ती रोज झटकून पुन्हा तिथेच ठेवू लागली. शेवटी लिन रडकुंडीला आली. तिला रजा मिळत नव्हती. मला म्हणाली, तू हिला घेऊन जा, आठ दिवस राहा, एकटी राहू शकेल असं तू म्हणालीस तर मी मानीन. नाहीतर परत घेऊन ये. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मनातून मला तिला परतच आणायचं होतं. आमाशिवाय माझी संध्याकाळ सरत नव्हती.

विमान, बस, मग बोट. बेटावर उतरलो आणि थुवालमध्ये सगळ्यांच्या मागून चालणारी आमा एकदम पुढे झाली. तिच्या घराच्या भिंती कालवांच्या शिंपल्यांच्या, बाहेरून खडबडीत आणि आत गारेगार. जुने लोक जहाजांच्या तळाशी भार म्हणून हे शिंपले भरून आणायचे, असं शेजारच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं. त्यांना थोडं इंग्रजी यायचं. टेकडीवर समुद्रदेवीचं देऊळ, खाली कालवं सोलणाऱ्या म्हाताऱ्या, आणि प्रत्येकीच्या अंबाड्याला फुलं! आमाच्या उन्हातल्या जागेवर दुसरीच कुणी बसली होती. आमा जाऊन नुसती उभी राहिली. ती बाई बडबडत उठली, आमा बसली आणि सुरी मागून कामाला लागली.

एकटीचं कसं होणार, हे मी शिक्षिकाबाईंना विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. सकाळी होड्या परत येईपर्यंत एखादीचं दार उघडलं नाही की बाकीच्या सरळ आत शिरतात, म्हणाल्या. माझ्यासमोरच तसं झालं. आमाला प्रवासाच्या शिणानं जाग आली नाही, तर तिघीजणी थेट आमच्या अंथरुणाशी!

मी लिनला फोन लावला. “पडली तर?” तिनं विचारलं.

“पडली तर उचलायला गाव धावेल. आपल्याकडे तू आणि मी, त्याही दिवसभर बाहेर.” लिन म्हणाली, राहू दे तिला.

निघायच्या दिवशी आमा धक्क्यावर आली, माझा गाल थोपटला, आणि बोट सुटायच्या आधीच पाठ फिरवून घराकडे चालू लागली. एकदाही वळून बघितलं नाही. मला असा राग आला! एवढ्या लांबून आणून पोचवली, आणि बाईला हात हलवायला फुरसत नाही? बोटीतूनच मी लिनकडे तक्रार केली.

“थेट घरी गेली?” लिननं विचारलं. “बाबा समुद्रावर निघाले की अशीच जायची. दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचं नाही, घरी जाऊन त्यांच्या वाटणीचे तांदूळ धुवायचे. माणूस जेवायला परत येतो म्हणते. मी सौदीला निघाले तेव्हाही अशीच गेली. परक्यासाठी ती हे करत नाही.”

आई गेल्यापासून, मी येईन म्हणून भात लावणारं मला कुणी उरलं नव्हतं. बोटीतल्या त्या अनोळखी माणसांत मी ओढणी तोंडाशी धरून हमसाहमशी रडले. जेद्दाला विमानतळावर नवरा घ्यायला आला होता. त्याला गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, पुढची सुट्टी बेटावर. भात लावलाय तिथे, जायलाच हवं.