कुपाटीच्या आतल्या अंगाच्या कडवंच्या

ये गं मंगल, अशी जवळ बस. पुण्यात बसून पेपरात हे माझं लिहिलेलं वाचत असशील तर खुर्ची तरी पुढं ओढ. आईचं तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तू निघूनही गेलीस, माझ्या हातचा चहासुद्धा न घेता. एवढी घाई कावून गं? अन् आता फोनवर म्हणतेस, "मावशी, ती काटेरी कुपाटी काढून तारेचं कुंपण करून टाकते." आधी माझं ऐकून घे, मग काय करायचं ते कर. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण आमची कौसा एकट्या मंगलची आई नव्हती, साऱ्या गावाची होती.

ती गेली ते आषाढात. आमची दोन्ही घरं शेतातच, मधे फक्त बांध. रोज सकाळी तिच्या सायकलची घंटी वाजली की मी चहाचं आधण ठेवायचे. त्या दिवशी घंटी वाजलीच नाही. म्हणलं, पंक्चर झाली असेल... जाऊन बघते तर कौसा अंथरुणात, कुशीवर, निवांत. सायकल भिंतीला टेकलेली, हँडलला दुधाची किटली अडकवलेली.

सायकल ती शिकली गावात सहकारी दूध संस्था निघाली तेव्हा. संस्था वेशीपाशी, उन्हाळ्यात चालत जाईतो दूध नासायचं. तिनं नवऱ्याची सायकल बाहेर काढली अन् मला म्हणाली, "सोने, मागून धर." मी धरली. गाडीवाटेनं पुढं ती, मागं मी पळतेय, दोघींच्या नऊवारी वर खोचलेल्या. पारावरून एक म्हातारबा ओरडले, "अगं ए, पडशील की!" ही म्हणते, "पडले तर उचलायला तुमीच हायत की, मामा!" चालवायला शिकली, उतरायला मात्र जन्मभर शिकली नाही. कुपाटीतून आत शिरायच्या खिंडीपाशी तिनं एक दगड रोवला होता. त्यावर पाय टेकला तरच गाडी थांबायची. दगड हुकला की सरळ बोरीत. मग काटे मी काढायचे अन् हसायची ती.

दूध घालून आलं की सारवण, धुणं, गोधडीचे टाके. कशाची घाई नाही. दुपार कलली की टोपली घेऊन कुपाटीला. बोरी-चिलारीच्या त्या काट्यांवर पावसाळ्यात कडवंच्यांचे वेल चढतात. पेराएवढी कडू फळं, पण तेलात परतून दाण्याचं कूट घातलं की भाकऱ्या पुरत नाहीत. कौसाचा कायदा असा, की बाहेरच्या अंगाचं वाटसराचं, आतल्या अंगाचं घरच्यांचं, शेंड्यावरचं पाखरांचं. एकदा मी आतून हात घातला तर म्हणाली, "सोने, तू बाहेरून ये."

"अन् मी कोण गं, वाटसरू?"

"तू पाहुणी. तुला मी ताटात वाढीन."

अन् वाढायचीच. एक पावसाळा चुकला नाही.

मग दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीला गेली, किटली रिकामी. तरी ही सायकलवर निघायचीच. संस्थेत रघुनाथ दूध मोजायचा. हिनं त्याच्यापुढं किटली उपडी केली तर आतून बोरं! तो म्हणाला, "काकू, ह्याला फॅट किती लावू?" "चावून बघ अन् लाव," ही म्हणाली. किती दिवसांनी तिथल्या बाया पोट धरून हसल्या! मी विचारलं, "सगळी कावून वाटलीस गं?" तर म्हणे, "बाहेरच्या अंगाची हायत. वाटंवरच गेली पायजेत." त्या वर्षी लोकांनी सरपणाला बांधच्या बांध बोडके केले. तुझा बापही कुऱ्हाड घेऊन उभा राहिला होता, मंगल. कौसा दगडावर ठाण मांडून बसली. "आज तोडाल. उद्या पाऊस आला तर येल कशावर चढल?" तो बिचारा कुऱ्हाड खांद्यावर टाकून माघारी गेला.

तारेवरही वेल चढेल, म्हणशील. चढेल की! पण तारेला बोरं लागतात का गं? अन् तारेच्या आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं, आरपारच सगळं.

आता भादवा लागलाय. कुपाटी कडवंच्यांनी लई लगडलीय. बाहेरच्या अंगाच्या मी तोडते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत घालते. आतल्या तशाच आहेत, पिवळ्या पडायला लागल्यात. रोज खिंडीत उभी राहून बघते, हात घालत नाही. मी पाहुणी. कौसानं लावलेला कायदा तिच्यामागं मी कशी मोडू? तिचा दगड जागच्या जागी आहे, पाय टेकून टेकून वरून गुळगुळीत झालेला. सायकल मी त्याच्यापाशी आणून उभी केलीय, चाकात हवाही भरलीय.

वेल वाळायच्या आत ये, बाई. आतल्या अंगानं तू तोड, परतून मला ताटात वाढ. भाकरी मी थापते. मग कुऱ्हाड मागितलीस तरी माझ्या घरातून काढून देईन... पण आधी जेवू.