ड्रॅगनचे डोळे आणि तात्यांचा नारळ

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच — तिला कळलं असतं तर ते एव्हाना लातूरला माझ्या सासुरवाडीच्या शेवटच्या मावशीपर्यंत पोचलं असतं. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, कंपनीतलेही नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. विषय जरा विचित्र आहे. विषय ड्रॅगनचा आहे. हसताय ना? हसा. सुरुवातीला मलाही हसूच येत होतं.

आम्ही चऱ्होलीत राहतो, नव्या सोसायटीत, जिथं गॅलरीतून अजून थोडी ज्वारी दिसते. मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. गाड्यांच्या पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठमोठ्या प्रेस आमच्याकडे आहेत. त्या बंद पडल्या की मला बोलावतात, चालू असल्या की माझी आठवण कुणाला येत नाही. ही तक्रार नाही. म्हणजे — आहे. तक्रारीपासूनच सगळं सुरू झालं, तर ती लपवून काय उपयोग?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी ओवी तेव्हा तिसरीत होती. नवरात्राच्या आधी ड्रॅगनचा एक कार्टून पिक्चर लागला होता, कुठल्याशा चिनी दंतकथेवरचा, हिंदीत डब केलेला. ओवीनं डोकं खाल्लं होतं. शेवटी एका रविवारी, नाइट शिफ्ट करून आलो तसाच तिला घेऊन चिंचवडच्या मॉलमध्ये गेलो. पिक्चर सुरू झाला. डोंगरातलं एक गाव, वेशीपाशी लांबच लांब भिंत आणि भिंतीवर रंगवलेला ड्रॅगन — सगळा रंगवलेला, फक्त डोळे नाहीत. डोळे काढले की तो जिवंत होणार आणि भिंत सोडून उडणार. आणि एक धिटुकली मुलगी, तिच्या हातात कुंचला. इथपर्यंत मला अगदी स्वच्छ आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण पुढे मी झोपलो. एसी, मऊ खुर्ची, मांडीवर पॉपकॉर्नचा कोमट डबा — कोण नाही झोपणार? दिवे लागले तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती आणि रडून रडून ओवीचं नाक लाल झालं होतं. मी म्हणालो, फारच छान होता. तिनं माझ्या मांडीवरचा डबा उचलला आणि एकटीच पुढे निघाली. घोरलोही असणार मी.

आता तात्या. त्यांच्याबद्दल बोलायचं मी मघापासून टाळतोय.

तात्या आमच्या प्रेस शॉपमधले सगळ्यांत जुने ऑपरेटर, जवळच्याच गावचे. कंपनीच्या जागेत त्यांचं शेत गेलं आणि बदल्यात नोकरी मिळाली. खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. सगळं धुऊनपुसून लख्ख, मशिनींना झेंडूच्या माळा, आणि त्या दिवशी बायकापोरांनाही आत सोडतात. पहिला नारळ तात्यांचा. तसा काही नियम नव्हता, पण कंपनी उभी राहिल्यापासून ते चालत आलं होतं. तात्या टोपी नीट करणार, मशिनीला हळदकुंकू लावणार, तिच्यावर तळवा ठेवून म्हणणार, "हितं आमचा कांदा व्हता. आता तू हायस. नीट ऱ्हा, पोरांच्या हाताला लागू नगंस." मग एका फटक्यात नारळ, मग टाळ्या.

दरवर्षी तेच वाक्य आणि त्याच टाळ्या. आणि मी? वर्षभर त्याच मशिनींच्या पोटात शिरून तेलानं माखणारा मी मागच्या रांगेत, पेढ्यांचं ताट धरून. मला सरळ म्हणू द्या — मी त्या म्हाताऱ्यावर जळायचो.

त्या वर्षी चीनहून नवी प्रेस आली. ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता, हसतमुख, मोबाइलमध्ये बोलून भाषांतर दाखवणारा. पण मशीन काही केल्या नीट चालेना, सारखी बंद पडायची. मशीन चिनी म्हणून आमच्या पोरांनी सजावटीला थर्माकोलचा ड्रॅगन करायचं ठरवलं. पूजेला मालक स्वतः येणार होते. प्लँट हेड बैठकीत सहज म्हणाले, त्यांच्यात मशिनीच्या पूजेचं काही वेगळं असतं का? आणि मी तोंड उघडलं. काय अडलं होतं माझं? म्हणालो, असतं ना सर. ड्रॅगनला डोळे पूजेच्या वेळी काढतात. त्यांच्यात वर्षांना प्राण्यांची नावं असतात; ज्याचा जन्म ड्रॅगनच्या वर्षातला, त्यानंच ते काढायचे आणि नारळही त्यानंच फोडायचा. नाहीतर मशीन लाभत नाही.

एरवी मला कुणी वेड्यात काढलं असतं. पण मशीन त्या सकाळीही बंद पडली होती, त्यामुळे लोक काहीही मानायला तयार होते. कुणीतरी विचारलं, आपल्यात असा कोण आहे? मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि संकोचानं म्हणालो, योगायोगानं मीच आहे. घरी येऊन मोबाइलवर पाहिलं. मी सशाच्या वर्षातला निघालो.

प्लँट हेडनी खात्री करायला चिनी इंजिनिअरला विचारलं. त्या भल्या माणसाला वाटलं, ही इकडचीच रीत असणार. परक्या मुलखात येऊन कुणाच्या देवाधर्माला नाही कशाला म्हणा? त्यानं हात जोडून जोरजोरात मान हलवली. झालं. त्याला ती आमची प्रथा वाटली, आमच्या लोकांना त्याची. मी मधे उभा राहून दोघांकडे बघून हसत होतो.

तात्यांना सांगायला मीच गेलो. ते डबा खात बसले होते. तो त्यांचा नोकरीतला शेवटचा दसरा होता. मला ते माहीत नव्हतं असं म्हणायला फार आवडलं असतं — पण माहीत होतं. ऐकून त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. म्हणाले, "मशिनीचं बरं व्हनार आसंल तर तुमीच करा, विलासराव. तिचा देव निराळा आसंल." आणि मला जेवायला बसा म्हणाले. कांदा फोडून दिला. मी बसलो आणि खाल्ला.

खंडेनवमीला ओवी आईबरोबर आली होती, परकर-पोलकं घालून. माइकवरून चिनी प्रथेची माहिती दिली जात होती, म्हणजे माझ्याच थापा मला ऐकवल्या जात होत्या. मी कुंकवाची वाटी घेऊन पुढे झालो. तेवढ्यात ओवी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, पिक्चरमध्ये असं नव्हतं. वर्षाचं काहीच नव्हतं."

मालक वळले. प्लँट हेड वळले. भाषांतर येईना म्हणून चिनी इंजिनिअरही वळला. आता इथं काय करायला हवं होतं? नको, सांगू नका. मला ठाऊक आहे. मी हसलो आणि म्हणालो, "ही पिक्चरभर झोपली होती."

सगळे हसले. तात्याही हसले. ओवी हसली नाही. तिनं आईचा हात धरला आणि खाली बघत राहिली. झोपलो होतो मी, आणि ती झोप मी माझ्या पोरीच्या नावावर खपवली, भर सभेत, एका नारळासाठी. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ड्रॅगनचे डोळे काढून झाले. आणि नारळ तरी फुटावा? मी आपटला, तो नुसता टणकन उडाला. पुन्हा आपटला तर हातातून निसटून थेट प्रेसखाली. मालकांसमोर मी नव्या शर्टानं पालथा पडून मशिनीखाली हात घालतोय आणि चिनी इंजिनिअर मन लावून व्हिडिओ काढतोय. त्याला तोही विधीचाच भाग वाटला असणार. शेवटी तात्यांनी झाडूच्या दांड्यानं नारळ बाहेर ओढला, पुसला, माझ्या हातात दिला आणि कुठल्या अंगानं मारायचा ते कानात सांगितलं. मग फुटला. टाळ्या झाल्या. मशिनीशी मात्र त्या दिवशी कुणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात मला पॅनेलमध्ये एक ढिली वायर सापडली. ती घट्ट केली आणि मशीन सुतासारखी सरळ झाली. वायरचं मी सगळ्यांना सांगितलं, पण कुणी ऐकायलाच तयार नाही. श्रेय गेलं ड्रॅगनला. एवढी एकच खरी गोष्ट मी बोललो आणि तेवढीच कुणाला पटली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तो पिक्चर घरी पाहिला, टीव्हीवर, सगळा. ओवी आत चित्रं रंगवत बसली होती. बोलावलं तरी आली नाही. तर मी झोपल्यानंतर त्यात एक म्हातारा येतो. जन्मभर त्यानं ती भिंत राखलेली असते, पावसापाण्यात, आणि आता त्याला नीट दिसत नसतं. गाव म्हणतं, डोळे मुलीनं काढावेत, तिचा हात चांगला आहे. ती पुढे होते — आणि कुंचला त्या म्हाताऱ्याच्या हातात देते. तो चाचपत डोळे काढतो. एक डोळा तिरळा येतो. ड्रॅगन तसाच तिरळा उडतो आणि सगळं गाव मान वर करून बघत राहतं. मी एकटाच सोफ्यावर बसून रडलो. बायकोनं विचारलं तर सर्दी झालीय म्हणालो. खोटं बोलायची तोवर सवय लागली होती.

तात्या निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बोलेन म्हटलं, पण केक कापला, शाल घातली, फोटो झाले, आणि राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी राहू दिलं. खंडेनवमीला डोळे मीच काढतो, यंदाही काढले.

यंदा दसऱ्याला तात्यांचा फोन आला. मुलानं नवा ट्रॅक्टर घेतलाय, सगळ्यांना घेऊन या. आम्ही गेलो. अंगणात निळा ट्रॅक्टर, हार घातलेला. तात्यांच्या सुनेनं पूजेचं ताट आणलं. मला वाटलं, आता तात्या टोपी नीट करतील, पुढे होतील. त्यांनी ताट घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुमी डोळं काढलं आन् ती मशीन सुदारली," ते म्हणाले. "आमच्या ट्रॅक्टरलाबी काढा. नारळबी तुमीच फोडा. तुमच्या हाताला गुण हाय."

त्यांची घरची माणसं भोवती उभी होती, कौतुकानं बघत होती. मी ओवीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं माहीत होतं — वर्षाचं, झोपेचं, पिक्चरमधल्या म्हाताऱ्याचं. बोलली असती तर त्या क्षणी सगळं संपलं असतं, आणि खरं सांगतो, तिनं बोलावं असं मला वाटत होतं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. पण ती आता मोठी झालीय. चारचौघांत खरं बोललं की बाबा काय करतो, हे तिला कळलंय. तिनं तोंड फिरवलं आणि तात्यांच्या शेळीला चारा घालायला निघून गेली.

मी कुंकवात बोट बुडवलं आणि बॉनेटवर दोन डोळे काढले.