गाडीचं बटण आणि लाल टिकली

काल एडमंटनमध्ये चक्क ऊन पडलं होतं. लेकीला झोपवून मी बाहेर गेले, गाडीची वायर गुंडाळली आणि बेसमेंटमध्ये ठेवून दिली... आणि तिथेच पायरीवर बसून एकटीच हसत राहिले. म्हटलं, हे लिहायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... इथे कडाक्याच्या थंडीत रात्री गाडीलाही प्लग लावावा लागतो. इंजिनाला एक छोटा हीटर असतो, त्याला ब्लॉक हीटर म्हणतात. तो रात्रभर चालू राहिला की इंजिन अगदीच गारठत नाही आणि सकाळी गाडी पटकन सुरू होते.

आमची होत नव्हती.

डिसेंबरमध्ये मला नववा लागला होता आणि बाळंतपणासाठी माझी आई मिरजेहून आली होती. नेमकी त्याच सुमारास गाडी सकाळी कुरकुरायला लागली. एरवी किल्ली फिरवली की सुरू होणारी गाडी आता घर्र... घर्र... करत दम खायची. हॉस्पिटल नदीपलीकडे, आणि आमच्याकडे गाडी ही एकच.

मंदार, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरवाला. कुठे काही बिघडलं की त्याला आतून आनंदच होतो. त्याने मल्टिमीटर आणला, बॅटरीचं व्होल्टेज बघितलं, ते ठीक निघालं. टर्मिनलवर पांढरी पावडर साठली होती, ती आईच्या स्वयंपाकातला सोडा पळवून गरम पाण्याने साफ केली.

मग गॅरेजमध्ये नेऊन लोड टेस्ट करून घेतली. बॅटरी जरा अशक्त आहे म्हणाले, म्हणून नवी बसवली. दोन-तीन दिवस थंडी कमी होती, गाडी शहाण्यासारखी सुरू झाली... मग पारा उणे तीसच्या खाली गेला आणि पुन्हा तेच, घर्र... घर्र...

गंमत म्हणजे संध्याकाळी ऑफिसातून निघताना गाडी कुरकुरायची नाही. तिथल्या पार्किंगमध्येही तो प्लग लावायचाच. मंदारचं म्हणणं, आता स्टार्टर बघायला हवा. माझं म्हणणं, बाळ तुझ्या स्टार्टरसाठी थांबणार आहे का? माझी नुसती चिडचिड होत होती... खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

आई गाडी सुरू होईपर्यंत खिडकीशी उभी असायची, शालीचं टोक मुठीत धरून. सुरू झाली की मगच स्वतःचा चहा टाकायची.

एक दिवस जेवणं झाल्यावर मी मागच्या दाराशी, जिथे आम्ही बूट काढतो तिथे, स्टुलावर बसले होते. सुजलेल्या पायांत मोजे चढवायचा खटाटोप चालला होता. तेवढ्यात आई आली. भिंतीवरचं एक बटण नीट खाली दाबलेलं आहे ना, हे तिने बोट लावून बघितलं आणि दाराच्या काचेतून गाडीला चक्क नमस्कार केला.

मी विचारलं, हे काय चाललंय?

"गाडीचं बटण," आई म्हणाली. "मंदाररावांनी आल्या आल्या दाखवलं होतं ना, रात्री चालू पाहिजे म्हणून. मी बघितलं तर बंद होतं. तेव्हाच लावलं. आता रोज बघते, चुकून कुणाचा हात लागायला नको."

मी बटणाकडे बघितलं. आपल्याकडे बटण खाली केलं की चालू. इथे सगळं उलटं, वर केलं की चालू. दिव्याचं बटण असतं तर लगेच कळलं असतं, पण हे बाहेरच्या, गाडीची वायर लावायच्या प्लगचं; त्याला कुठे उजेड पडतो...

मला हसू फुटलं. अक्षरशः पोट धरून हसले आणि हसता हसताच तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिच्याकडे बघितलं, तेव्हा माझं हसू विरलं.

ती तिथेच पायरीवर मटकन बसली.

"तुझ्या वेळेला शेजारच्यांची जीप सुरू होईना," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी आणि शेजाऱ्यांनी दवाखान्यापर्यंत ढकलत नेली. आत मी एकटी. म्हणून रोज बघत होते गं... आणि मीच बंद करून ठेवलं होतं."

ही गोष्ट तिने मला इतक्या वर्षांत कधीच सांगितली नव्हती. मी नुसता तिचा हात हातात धरून बसले.

आवाज ऐकून मंदार आला. त्याला सगळं कळल्यावर नवी बॅटरी, मीटर, सोडा असं एकेक आठवून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तो हसला नाही. त्याने बटण वर केलं, आत गेला आणि आईच्या टिकल्यांच्या पाकिटातून एक लाल टिकली घेऊन आला. ती बटणाच्या अगदी वर चिकटवली.

"आई, बटण टिकलीकडे. रोज रात्री तुम्हीच बघायचं. मी विसरतो."

एवढा मीटर घेऊन फिरणारा माणूस त्या बटणाकडे एकदाही बघायला विसरला होता, तेव्हा ते अगदी खोटंही नव्हतं म्हणा... पण त्या क्षणी मला तो फार फार आवडला.

जानेवारीत एका पहाटे कळा सुरू झाल्या. बाहेर नाकातला श्वास गोठावा अशी थंडी. मी मागच्या सीटवर, शेजारी आई. मंदारने किल्ली फिरवली... आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आईने माझा हात इतका घट्ट दाबला की क्षणभर मी कळ विसरले. मग आम्ही दोघीही रडलो.

तर काल ती वायर काढली. बर्फ वितळलंय, आता हिवाळ्यापर्यंत तिचं काही काम नाही. आईचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे.

संध्याकाळी बघते तर लेकीला खांद्यावर घेऊन आई मागच्या दाराशी उभी. बटण टिकलीकडे आहे ना बघत होती आणि तिला हळूच समजावत होती, "इथे वर केलं की चालू होतं हं, बाळा."

वायर बेसमेंटमध्ये आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही... पुढच्या महिन्यापासून रोज रात्री ते बटण बघायचं काम माझं.