सरांनी नाव घेतलं

"म्हणजे तू सतरंजीवाल्या तुळशीरामची मुलगी!"

सर ओरडलेच. आनंदानं. आयर्लंडमध्ये, ड्रोहेडा गावात त्यांच्या डॉक्टर मुलाच्या घरामागची बाग. दोन हजार वीसचा उन्हाळा. पहिला लॉकडाऊन नुकता सैल झालेला, म्हणून उघड्यावर, अंतर राखून खुर्च्या मांडलेल्या. हॉस्पिटलातले मराठी डॉक्टर, त्यांच्या बायका, माझ्यासारखे दोघंतिघं विद्यार्थी. सगळे हसले. प्रेमानं हसले. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. या हसण्याला काय द्यायचं?

त्याआधी सरांनी मला आडनाव विचारलं होतं. सोलापूर म्हटल्यावर वस्ती विचारली होती. बाकी कुणालाच वस्ती विचारली नव्हती.

"आमचं कुठलंही शिबिर असो," सर बाकीच्यांना सांगायला लागले, "हा माणूस पहाटेच हजर. सतरंज्या घालायच्या, शेवटी झटकून घड्या करायच्या. असा निष्ठावान कार्यकर्ता आता होणे नाही."

मग त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "अगं, आतून कप आणतेस का? वरच्या प्रेसमध्ये आहेत." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बाकीचे विद्यार्थी बसून राहिले. मी उठले. अंगातच होतं ते. माझ्या आधी माझे पाय उठले.

सर म्हणजे पुण्यातले मोठे समाजवादी विचारवंत. नातवाला बघायला आले आणि विमानं बंद झाली म्हणून इथेच अडकले. माझा बापू सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायचा आणि उरलेला जन्म सरांच्या चळवळीत घालवायचा. आमच्या घरात देव नव्हते. सरांची पुस्तकं होती, धुतलेल्या कापडात बांधलेली. बापूला ती धड वाचता यायची नाहीत. मला वाचायला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. त्या पुस्तकांमुळेच मी राज्यशास्त्राकडे गेले, डब्लिनच्या विद्यापीठापर्यंत पोचले. राहायला शहराबाहेर, नावन नावाच्या लहान गावात एक खोली, कारण डब्लिनमध्ये भाडं झेपत नव्हतं.

माझा विषय होता ब्रिटनमधले समाजवादी विचारवंत आणि पक्षांवरची त्यांची ओसरलेली पकड. एके काळी तिथल्या कामगारांच्या पक्षाचे विचार या मंडळींच्या बैठकखान्यांत ठरायचे. त्यांनी पुस्तिका लिहायची, पक्षानं तिचा कायदा करायचा. मग पक्ष जाहिरातवाल्यांना विचारायला लागला. पुस्तिका छापल्या जात राहिल्या, वाचणारे उरले नाहीत. शेवटच्या निवडणुकीत तर उत्तरेकडच्या जुन्या खाणींच्या गावांनीही पक्षाकडे पाठ फिरवली.

सरांचाही विषय हाच. आपल्याकडे जे झालं तेच तिथे झालं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर मी इतक्या आशेनं ड्रोहेडाची बस धरली होती.

परत येताना बसमधूनच बापूला फोन लावला.

"सर भेटले," मी म्हणाले.

"वळख दिली का?"

"तुझं नाव घेतलं."

 "सरांनी नाव घेतलं व्हय माझं? समद्यांम्होरं?"

"हो. सगळ्यांसमोर."

"काय म्हनले?"

खिडकीबाहेर कुंपणं, गाई, ओली हिरवी रानं पळत होती. सरांच्या बोलण्यातला एकच शब्द वेचून मी त्याला दिला. "निष्ठावान म्हणाले."

बापू रडला. सुखानं रडला. त्याचं ते रडणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. खोलीत किटली उकळताना ऐकू येतं. वाचताना ओळींच्या मधून ऐकू येतं. माझ्या बापाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान माझ्या डोळ्यांदेखत झाला, आणि तो अपमान होता.

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. सरांनी ऑनलाइन अभ्यासमंडळ सुरू केलं. दर रविवारी. मीही जायचे. न जाऊन बापूला काय सांगणार? बापू दर आठवड्याला विचारायचा, आज सर काय बोलले. एका रविवारी माझा निबंध होता. महिनाभर खपून लिहिलेला. दुसरं पान चालू असताना सरांनी थांबवलं.

"हे सिद्धांताचं राहू दे. तू तुझा अनुभव सांग. विश्लेषण आम्ही करू."

पडद्यावरच्या चौकटींत माना हलल्या. मी अनुभव सांगितला नाही. कागद बाजूला ठेवले, कॅमेरा बंद केला. त्या दिवशी सरांचं विश्लेषण असं निघालं, की ब्रिटनचा कामगार वाट चुकला. त्याची जाणीव बोथट झाली. विचारवंत होते तिथेच आहेत, कामगार सोडून गेला. मी काळ्या चौकटीत बसून ऐकत होते. सोडून गेला तो कुठून गेला, घराच्या आतून की ओसरीवरून, हे कुणी विचारलं नाही.

दोन हजार एकवीसच्या वसंतात बापूला कोरोना झाला. सोलापुरात खाट मिळत नव्हती. मिळाली तेव्हा ऑक्सिजन नव्हता. मी नावनमध्ये फोन धरून बसलेली. विमानं नव्हती, असती तरी पोचले नसते. आईला सुद्धा तोंड बघू दिलं नाही. चुलतभावानं लांबून व्हिडिओ दाखवला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उचलत होते. घरमालकीण दारात येऊन विचारून गेली, "आर यू ग्रँड, लव्ह?" मी म्हणाले, ग्रँड. इथे ठीक आहे म्हणायला ग्रँड म्हणतात, सगळ्यालाच.

पुढच्या रविवारी सरांनी अभ्यासमंडळाची श्रद्धांजली सभा केली. पुण्याहून, मुंबईहून, लंडनहून लोक आले. बापूचा फोटो कुणाकडेच नव्हता. माझ्याकडूनच मागवला. सर बोलायला लागले. मनापासून बोलत होते, खोटं कशाला बोलू?

"तुळशीरामनं कधी खुर्ची मागितली नाही," सर म्हणाले. "प्रश्न केला नाही. असा कार्यकर्ता आज घडत नाही, म्हणून चळवळी संपतायत. इथेही आणि ब्रिटनमध्येही."

माझा हात माइकवर गेला.

"मागितली होती," मी म्हणाले.

मी पुढे बोलत राहिले.

"माझ्या जन्माआधी. सोलापूरच्या शिबिरात. बापू उभा राहिला होता. त्यानं विचारलं, सर, आपल्या कार्यकारिणीत आमच्या वस्तीतला एकही माणूस का नाही? तुम्ही म्हणालात, तुळशीराम, चहाचं काय झालं बघ जरा. तो चहा बघायला गेला. परत कधी उभा राहिला नाही. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि वर तुमचीच बाजू घेतली. सरांना घाई असंल म्हणाला."

"अगं, ही वेळ नाही," सर म्हणाले.

"तेव्हाही नव्हती."

पुढचं वाक्य तोंडात होतं. पण पडद्यावर अक्षरं आली. सभेच्या यजमानानं तुम्हाला म्यूट केलं आहे. माझे ओठ हलत राहिले. सगळ्यांना दिसत होते. एकानंही हात वर केला नाही.

मी सभा सोडली. खाली नदीवर जाऊन, वाऱ्यात, मोठ्यानं ते वाक्य बोलले. कामगार सोडून गेला नाही सर, तुम्ही त्याला बसूच दिलं नव्हतं. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा दचकून बघायला लागला. बघू दे.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं, प्रबंधाचा प्रश्न बदलायचाय. विचारवंतांचा प्रभाव का ओसरला, हा नाही. त्या बैठकखान्यांत कोण बोलायचं आणि कुणाला बोलू दिलं नाही, हा. बाई म्हणाल्या, वर्ष वाया जाईल. म्हटलं, जाऊ दे.

मग आईचा फोन आला. सरांनी तिला फोन केला होता.

"लई दुखावल्यात सर. बापूच्या नावानं येक व्याख्यान ठिवनार हुते, आता ऱ्हाऊ दे म्हनले. तू माफी माग. मोठी मान्सं हायती ती. तुज्या बापानं जल्मभर जपल्याली."

"नाही मागणार, आई."

"आगं, बापूचं नाव हुईल."

"त्यांच्या तोंडून नको."

आई रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. मीही रडले नाही. बापूनं जपलेलं मी मोडलं, हे मला माहीत आहे. तो असता तर आजही मला म्हणाला असता, माफी माग. त्याचा तो आवाज मला ऐकू येतो, येत राहील. तरीही मागणार नाही. बापूचं नाव मी लिहीन, छापून, आडनावासकट, वस्तीसकट. आणि यापुढे ज्या सभेत मला अनुभव सांगायला बोलावतील, तिथे मी आधी विश्लेषण करीन.