नकलेचे दिवस

वकिलांच्या एका कचेरीत बत्तीस वर्षं तारखांची वही सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे ‘तारीखमास्तर’ म्हणतात. कचेरीचं मासिक माहितीपत्रकही तेच लिहितात. एका अंकात त्यांनी लिहिलं: ‘अपिलाला तीस दिवस, निकालाची नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत.’ नकलेचा अर्ज मात्र त्या तिसांतच करावा लागतो, हे लिहायचं राहिलं. कचेरीत ते शिपायालाही ठाऊक असतं.

त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक नव्हतं. राहत्या दोन खोल्यांचा दावा हरल्यावर तिने वकील सोडला आणि पत्रकाच्या भरवशावर निवांत राहिली. नकलेचा अर्ज तिने चाळिसाव्या दिवशी केला.

“मला विचारायचंस तरी.”

“तुझंच तर वाचलं, दादा. जगाला शहाणपण शिकवतोस, म्हटलं घरच्यांनीही शिकावं.”

आता उशीर माफ व्हायला कोर्टाला कारण हवं होतं. कचेरीतले धाकटे वकील म्हणाले, “आजारपण लिहा. आपलं पत्रक कशाला मधे आणता?”

बहीण ठणठणीत होती. मास्तरांनी अर्ज स्वतः टाइप केला. कारणाच्या जागी पत्रकाचा महिना, पान आणि लिहिणाऱ्याचं नाव घातलं, आणि कागद थोरल्या वकिलांच्या टेबलावर नेऊन ठेवला.